राबात जाणारी काठी

होळी उलटली म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील खाचरांवर धुराच्या रेघा दिसू लागतात. खर्डी सोडून गाडी उंबरमाळीकडे निघाली की खाचरांच्या कोपऱ्यांत रचलेले राब खिडकीतूनही ओळखता येतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि सर्वांवर मातीचा पातळ थर, अशी ही रचना असते. दाढ भाजल्यावाचून भाताचे रोप जोमदार येत नाही, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे व ती सर्वस्वी चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. राबाने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते, हे खरेच. राबाच्या टहाळासाठीच पूर्वी वरकस जमिनी भातजमिनींस जोडलेल्या असत, आणि जंगल खात्याने टहाळावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली जंगल चौकशी कमिशन नेमावे लागले.

परंतु आमचा आजचा विषय राब भाजावा की न भाजावा हा नव्हे. भाजावयाच्या त्या ढिगात काय काय जाते, हा आहे. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत आपल्याच शेतावरील राब पेटविण्यापूर्वी उलगडून पाहण्याचा परिपाठ ठेवला आहे. दरवर्षी त्यात मनगटाएवढ्या जाडीच्या, चार-पाच हात लांबीच्या, गाठ नसलेल्या सरळ काठ्या निघतात. धामणीच्या निघतात, बाभळीच्या निघतात, नाव सांगता येणार नाही अशा झुडपांच्याही निघतात. त्या काठीची राख मूठभर होते. तीच काठी नीट वाळविली तर तिचा कुदळीचा दांडा होतो, कावडीचा बांबू तिच्यापुढे फिका पडतो, आणि कारागिराच्या हाती पडली तर तिचा कामठा होतो. ज्या शेतकऱ्याने ही काठी सकाळी राबात टाकली, तोच संध्याकाळी बाजारात जाऊन कुऱ्हाडीचा कच्चा दांडा पैसे मोजून आणतो व पहिल्याच पावसात तो पाचरीपाशी ढिला झाला म्हणून लोहाराला दोष देतो. हा व्यवहार आपल्यासारख्या हिशेबी लोकांस शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कामठ्याचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. शिकारीचे दिवस गेले; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि आपल्याच तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. तेव्हा धनुष्याची विद्या घेऊन काय करावयाचे? यास आमचे उत्तर असे की, शिकार बंद झाली हे योग्यच झाले. पण लाकूड ओळखण्याची, तोडण्याची व वाळविण्याची विद्या शिकारीबरोबर बंद व्हावी असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. कामठा ही लाकडाची सर्वांत कठीण परीक्षा होय. त्याची पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते, आणि हे शेकडो वेळा होते. लाकडात ओल राहिली तर कामठा वाकलेलाच राहतो. फाजील वाळले तर काटकन मोडतो. तंतू तुटला तर तेथूनच फाटतो. ज्याला कामठ्याचे लाकूड वाळविता येते, त्याला कोयत्याची मूठ, खोऱ्याचा दांडा किंवा बैलगाडीची उभारी वाळविणे मुळीच अवघड नाही.

ही विद्या लहानसहान नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणी धनुष्याचे ताड, वेळू, लाकूड व शिंग असे चार प्रकार वेगवेगळ्या नावांनी सांगितले आहेत. आपल्या धामणीस संस्कृतात धन्वन म्हणतात. नावातच धनुष्याची आठवण आहे. युरोपात डेन्मार्क देशातील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४० नंतरच्या दशकात सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्ये सापडली. ती एल्म झाडाच्या बारीक बुंध्यांची आहेत. म्हणजे निदान तेव्हापासून माणूस बारीक बुंध्यातूनच धनुष्य काढीत आला आहे. आणि आजही हा विषय संग्रहालयात गेलेला नाही. २०२३ च्या ऑगस्टात बर्लिन येथे नागपूरचा ओजस देवतळे व साताऱ्याची अदिती स्वामी यांनी तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपदे मिळविली. त्यांची धनुष्ये धातूची व चाकांची असतात हे खरे. पण आपल्या देशातील स्पर्धांत साध्या बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे, व गरीब घरचे मूल तिरंदाजी शिकू लागते ते बहुधा त्याच धनुष्यावर.

आता लाकूड का तडकते ते पाहू. कारण कळल्यावाचून केलेली कृती टिकत नाही. लेखकाने ऐन पंचविशीत हौसेने धामणीची ओली काठी आणली, साल सोलून काढली व लवकर वाळावी म्हणून वैशाखाच्या उन्हात अंगणात ठेवली. तिसऱ्या दिवशी काठीला टोकापासून टोकापर्यंत उभी चीर पडलेली होती. वाडीवरील एक वृद्ध कातकरी गृहस्थ ती हातात फिरवून एवढेच म्हणाले, “दादा, उन्हाला दिलीत म्हणून फुटली. सावलीला दिली असती तर तुमच्या कामाला आली असती.” पी हळद अन्‌ हो गोरी, असे लाकडाच्या बाबतीत कधी होत नाही, हे त्या दिवशी समजले. त्यामागील शास्त्र मात्र पुढे वाचनाने समजले.

ओल्या लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते. एक तंतूंच्या पोकळीत साठलेले, व दुसरे तंतूंच्या भिंतींत मुरलेले. पहिले पाणी निघून जाते तोपर्यंत लाकूड हलके होते, पण आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाशी पाण्याचे प्रमाण शेकडा ३० च्या सुमारास आले म्हणजे भिंतींतील पाणी निघू लागते व आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते नाममात्र, गाभ्याच्या दिशेने थोडे, आणि घेराच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट असते. अर्थात घेर जितका कमी व्हावयास पाहतो तितके आतील लाकूड त्यास कमी होऊ देत नाही. मग गोल काठीस फुटण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यातच टोकांतून पाणी बाजूंपेक्षा किती तरी वेगाने निघते, म्हणून चीर नेहमी टोकाकडून सुरू होते. एवढे ध्यानात आले म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

पहिली गोष्ट, तोडीचा काळ. पाऊस पूर्ण उघडल्यावर, मार्गशीर्ष-पौषात काठी तोडावी. पावसाळ्यात तोडलेल्या काठीस बुरशी व कीड लवकर धरते. मार्गशीर्षात तोडली तर पुढे पाच कोरडे महिने हाती राहतात. बुंधा जमिनीलगत धारदार कोयत्याने तिरपा तोडावा, म्हणजे खोड कुजत नाही व धामणीसारख्या झाडास नवे सरळ फुटवे येतात. तीन-चार वर्षांनी तेच फुटवे पुन्हा कामास येतात. झाड मुळासकट काढणारा शेतकरी एकदाच काठी मिळवितो. खोड राखणारा जन्मभर मिळवितो.

दुसरी, निवड. कामठ्यासाठी काठी सुमारे चार ते पाच सेंटिमीटर जाडीची व मोठ्या माणसासाठी साडेतीन-चार हात लांबीची असावी. सालीच्या रेषा सरळ चढत असल्या तर आतील तंतूही बहुधा सरळ असतात. साल पिळवटलेली दिसली तर ती काठी दांड्यासही घेऊ नये, ती राबातच शोभते. गाठ असलीच तर ती पोटाच्या बाजूस यावी.

तिसरी, टोके बुजविणे. तोडल्याच दिवशी दोन्ही टोकांस मेण, जुना ऑइलपेंट, किंवा काहीच नसेल तर शेण व चिकणमातीचा जाड लेप द्यावा. लेप सुकून तडकला तर पुन्हा द्यावा. दोन मिनिटांचे हे काम न केल्यामुळे जितक्या काठ्या वाया जातात तितक्या कोणत्याच कारणाने जात नसतील.

चौथी, काठी ओली असतानाच अर्धी करणे. जी बाजू कामठ्याची पाठ व्हावयाची, म्हणजे सालीखालची, तिला हात लावू नये. विरुद्ध बाजू गाभ्यापर्यंत वासल्याने उतरवावी किंवा काठी गाभ्यातून उभी फाडून तिच्या दोन फाका कराव्या. असे केल्याने घेराचा ताण मोकळा होतो व पाण्यास बाहेर पडावयास जवळची वाट मिळते. जाड काठी जे वर्षभरात करील ते अशी उतरविलेली काठी आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत करते. मात्र ती वाळताना वाकडी होऊ नये म्हणून सरळ वाशास ठिकठिकाणी सुतळीने बांधून ठेवावी. दांड्यासाठी गोल काठीच हवी असेल तर तिची साल अर्धवट ठेवून पट्ट्यापट्ट्यांनी सोलावी, म्हणजे वाळणे मंद होते.

पाचवी, सावली व वारा. पहिले तीन-चार आठवडे पाठीवरची साल राहू द्यावी. पण पुढे ती काढून टाकावी, कारण सालीखाली भुंगे अंडी घालतात व आतून लाकडाचा भुसा करतात. साल काढल्यावर पाठीवर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्यावा. काठ्या जमिनीपासून हातभर उंच, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून, चहूबाजूंनी वारा खेळेल अशा पडवीत रचाव्या. ऊन लागू देऊ नये. शेवटच्या महिन्यात चुलीवरील माळ्यावर ठेवल्यास उत्तम. मंद ऊब मिळते व धुराने कीड लागत नाही. आपल्या आज्या भाताचे बियाणे धुरात ठेवीत, ते काही उगाच नव्हे.

सहावी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तराजू. काठी वाळली की नाही हे बोटाने वाजवून सांगणारे जाणते लोक आता थोडे राहिले. तराजू मात्र घरोघर आहे. काठी तोडताच तिचे वजन करावे. टोकापासून वीतभर आतील भागातून एक लहान तुकडा कापून त्याचे वजन वेगळे लिहावे, व तो करपू न देता भट्टीच्या कडेस मंद आचेवर वजन कमी होणे थांबेपर्यंत वाळवावा. समजा, तुकडा ९० ग्रॅमचा ६० ग्रॅम झाला. म्हणजे ६० भाग लाकडात ३० भाग पाणी होते. प्रमाण शेकडा ५०. आता काठी १,५०० ग्रॅमची असेल तर तिच्यात कोरडे लाकूड १,००० ग्रॅम. कामठ्यास शेकडा १० च्या सुमारास ओल असावी. तेव्हा काठी १,१०० ग्रॅमवर आली म्हणजे ती तयार झाली. हे गणित चौथीच्या मुलास करता येते. आणि तुकडा भाजण्याचा खटाटोप नको असेल तर दर आठवड्यास फक्त काठीचे वजन भिंतीवर लिहीत जावे. चैत्र-वैशाखात लागोपाठ तीन आठवडे ते बदलले नाही म्हणजे हवेत जितकी वाळावयाची तितकी ती वाळली.

काठी वाकडी राहिली असेल तर ती सरळ करण्याची वेळ यानंतरची. ओल्या काठीस आच दाखवू नये. वाळलेल्या काठीस तेलाचा हात फिरवून निखाऱ्यांपासून वीतभर वर फिरवीत चांगली गरम करावी, मग दाबून वाशास बांधावी व गार होईपर्यंत सोडू नये. भाजलेले लाकूड नेहमीपेक्षा कोरडे होते. म्हणून आठ दिवस सावलीत ठेवल्यावाचून त्यास वाकवू नये. बांबूची गोष्ट निराळी. तो तीन वर्षांचा झालेला घ्यावा, हिवाळ्यात तोडावा, व दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत उभा वाळवावा. पाण्याने त्यातील पिष्ट निघून जाते. पिष्ट नाही तर भुंगाही नाही.

शेवटी एक सूचना. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वैशाखात शेकडा ९-१० वर आलेले लाकूड श्रावणात शेकडा १७-१८ पर्यंत पुन्हा ओल घेते. सबब तयार दांडे व कामठे तेल लावून माळ्यावर ठेवावे, कामठ्याची दोरी उतरवून ठेवावी, आणि दांडा बसविण्याचे काम ज्येष्ठापूर्वीच उरकावे. कोरडा दांडा बसविला म्हणजे पावसात तो फुगून घट्ट होतो. ओला बसविला म्हणजे पुढील उन्हाळ्यात आकसून कुऱ्हाडीचे पाते निसटते व शेजाऱ्याच्या पायावर पडते. असे अपघात दर वर्षी होतात व आपण ते दैवावर घालतो.

येथवर जे सांगितले ते कोणीही करू शकेल. पण आम्हांस जे खरोखर बोलावयाचे आहे ते पुढेच आहे. ही विद्या आपल्या भागात ज्यांच्या हातांत आहे ते कातकरी लोक मार्गशीर्षात गावात असतात काय? खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना हे नाव पडले, ज्यांनी पुढे कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्या घालविल्या, त्यांच्याइतकी लाकडाची पारख आपल्यापैकी कोणास आहे? परंतु भाताची कापणी-झोडणी संपली की ही कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व वैशाखअखेर परततात. म्हणजे लाकूड तोडण्याचे व वाळविण्याचे जे नेमके महिने, त्याच महिन्यांत लाकडाचा जाणता वाडीवर नसतो. पावसाळ्यात तो परत येतो तेव्हा लाकूड ओले असते, आणि त्याचा मुलगा भट्टीवरच वाढल्यामुळे त्यास विटा पाडता येतात, काठी पारखता येत नाही. सरकारदरबारी कातकऱ्यांची नोंद विशेष असुरक्षित आदिम जमातींत आहे. १९७६ सालापासून वेठबिगारीस कायद्याने बंदीही आहे. तरीही अंगावरची उचल फिटत नाही म्हणून दुसऱ्या वर्षी त्याच भट्टीवर जाणारी घरे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याकडून लावणीला मजूर घेताना आपणांस त्यांची आठवण होते. लावणी संपली की विसर पडतो.

काही वाचक म्हणतील की, हे काम संघाचे नाही. शिवाय कामठे व दांडे विकत कोण घेणार? कामठ्यास मोठी बाजारपेठ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण दांडा, मूठ, कावड व उभारी यांस गिऱ्हाईक आपणच आहोत. पन्नास घरांनी राब रचताना प्रत्येकी वीस काठ्या बाजूस काढल्या तर एका उन्हाळ्यात हजार काठ्या होतात. त्यांतील निम्म्या तडकल्या असे धरले तरी पाचशे उरतात. आपल्या घरांस लागणारे दांडे वगळून जे राहील ते शहापूर व मुरबाडच्या बाजारात खपण्यास अडचण पडू नये. कामठे थोडेच होतील; ते शाळांतील मुलांस सरावासाठी देता येतील.

दुसरा आक्षेप जंगल खात्याचा. तो रास्त आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: काठी घ्यावयाची ती आपल्या बांधावरील व वरकसातील, अभयारण्यातील मुळीच नाही. कोणत्या झाडांच्या तोडीस परवानगी लागते ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये ठरते, ते आधी विचारून घ्यावे. खाजगी जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या वाड्यांस सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे गौण वनोपजाचा निर्णय ग्रामसभेचा आहे. हक्क कागदावर ठेवून लाकूड चोरीचे म्हणून घाबरत बसण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करून काम करावे हे बरे.

तेव्हा आपल्या संघापुढे आम्ही चार गोष्टी ठेवितो. राब रचण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने सरळ काठ्या वेगळ्या काढाव्या. संघाच्या गोदामाच्या उत्तर बाजूस वाऱ्याची एक पडवी काढून तेथे त्या टोके बुजवून, वजन लिहून रचाव्या. बांधांवर धामण लावावी. तिचा पाला गुरे खातात, फळ मुले खातात, सालीचा वाख निघतो व फुटवे दांड्यास येतात, असे झाड दुसरे शोधूनही थोडेच सापडेल. आणि चौथी गोष्ट, जिच्यावाचून पहिल्या तीन व्यर्थ आहेत: भट्टीवाल्याची उचल ज्या सुमारास वाड्यांवर येते, त्याच सुमारास संघाने निदान पाच-सहा जाणत्या कुटुंबांस या कामाची मजुरी ठरवून द्यावी. ती कर्ज म्हणून नव्हे, आठवड्याच्या आठवड्यास रोख मजुरी म्हणून द्यावी; व त्यांच्या हाताखाली आपल्या व त्यांच्या मुलांनी बसावे.

हा खर्च फार नाही. गेल्या वर्षी मोडलेल्या दांड्यांचा हिशेब प्रत्येकाने घरी करून पाहावा, म्हणजे तो किती थोडा आहे हे कळेल. अंगणातील ती तडकलेली काठी लेखकाने टाकून दिलेली नाही. ती पडवीच्या आढ्याला बांधलेली आहे. ज्या वृद्धाने ती फिरवून पाहिली तो आता हयात नाही, आणि त्याचा नातू या मोसमात भट्टीवर आहे. पुढील मार्गशीर्षात तो गावी असावा, एवढे जरी संघाने साधले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.